जालन्याचा ढब्बू

जुन्या जालन्यांतून कुंडलिका ओलांडून पेठेंत आलों. एका वृद्ध सराफांनीं माझ्या तळहातावर तांब्याचा जाड, वेडावांकडा तुकडा ठेविला व म्हणाले, “पाहुणे, याची किंमत सांगा बरें!” तो जुन्या निजामी अमलांतील ढब्बू होता; ठशाचीं निम्मीं अक्षरें कांठाबाहेर गेलेलीं.

त्या काळीं टांकसाळी सावकारांना मक्त्यानें मिळत; त्यामुळें वजन व ठसा गांवोगांव निराळा. चिल्लरीची टंचाई विलायतेंतही होती. तेथें १७८७ सालीं अँगलसी बेटावरील पॅरिस खाण कंपनीनें स्वतःचीं तांब्याचीं नाणीं पाडिलीं. पण तीं कोठें वटतील, हें त्यांच्या कडेवर कोरलेलें असे. आमच्या ढब्बूवर असें वचन कोठचें? बाजार बदलला कीं भाव बदले, आणि तो बट्टा बसे मोळीविकीला.

१८५३ सालीं दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनीं नाणें पाडण्याचें काम पुढें हैदराबादेंत एकवटलें. तरी वटाव सुटला नाहींच. इंग्रजी मुलखांत जाणाऱ्या जालनेकराला सहा कलदार रुपयांसाठीं सात हाली रुपये मोजावे लागत.

मला किंमत सांगतां येईना. सराफांनीं ढब्बू कापडांत गुंडाळला. “तांब्याच्या भावानें चार पैसे येतील,” ते म्हणाले, “पण पणजोबांनीं हा कोणा गरिबाकडून बट्टा कापूनच घेतला असेल. म्हणून विकवत नाहीं.”