शुक्राचा अस्त आणि ३६ नंबरचा टायर

१९ मे २०२४, रविवार

गुरू-शुक्र दोघांचाही अस्त, म्हणून यंदा मे-जूनमध्ये लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नाहीतच. मंगल कार्यालयवाले हवालदिल आहेत, आमचं मात्र फावलं. नव्या वस्तीतल्या एका कार्यालयाचं डांबरी पार्किंग रिकामं आहे आणि मालकाने सकाळी तिथे गाडी पळवायला परवानगी दिली आहे. अट एकच: आधी झाडून घ्यायचं. ती अट त्याने घातली नसती तरी आम्ही पाळलीच असती. इकडची, वऱ्हाडातली काळ्या मातीची धूळ इतकी बारीक की टायरवर तिचा थर बसला की रबर आणि डांबर यांची गाठच पडत नाही.

गाडी रिमोटची, एकदशांश मापाची, तामियाची टीटी-०२. दोन आसांमधलं अंतर २५७ मिलिमीटर. परदेशातल्या सेटअपच्या तक्त्यांमध्ये तळाची उंची पाच-साडेपाच मिलिमीटर लिहिलेली असते. ते तक्ते गालिच्यावर किंवा गुळगुळीत ट्रॅकवर पळणाऱ्यांचे. आमच्या पार्किंगची खडी वर आली आहे. पाच मिलिमीटर ठेवले तर तळ खरवडत जाईल. सातवर ठेवली.

सकाळी सातला वळणावर मागची बाजू सुटत होती. भाच्याने लगेच पाना काढला, मागची स्प्रिंग बदलायला. मी म्हटलं, थांब, टायरला हात लाव. टायर गारच होता. मऊ असो की कडक, रबर तापल्याशिवाय पकड देत नाही. पाच मिनिटं गाडी नुसती गोल फिरवली आणि निम्मी तक्रार आपोआप मिटली.

चौकीदार भाऊ खुर्चीवरून पाहत होते. मी ओल्या फडक्याने टायर पुसतोय हे पाहून म्हणाले, "कायले येवढं घासता बावा त्या चाकाले? जमिनीवरच चालनार हाये ना ते?"

२१ मे, मंगळवार

बारावीचा निकाल. भाची पास झाली, घरात पेढे. गाडी बंद.

रात्री नवे टायर रिमवर चिकटवले. आत फोमची कडी, म्हणजे इन्सर्ट, नीट बसली पाहिजे. एका बाजूला सरकली तर टायर लंगडतो आणि दोष मात्र शॉकअपच्या माथी बसतो. परदेशी गोंद महाग पडतो, फेविक्विकने तेच काम होतं.

२५ मे, शनिवार

अकोल्यात उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावलं. खासगी शिकवण्यासुद्धा सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्यायच्या. इकडेही काही वेगळं नाही. म्हणून आज सहालाच पोचलो. सोबत डांबराचं तापमान मोजायचं पिस्तूल.

सातला डांबर ३४ अंश होतं, नवाला ४७, आणि दहाला आवरायच्या वेळी ५४. आपण तेच, गाडीही तीच. पण सातची गाडी नवाला राहत नाही.

टायरच्या कडेवर आकडे असतात, २८, ३२, ३६. ढोबळमानाने मोठा आकडा तापलेल्या रस्त्यासाठी. सकाळी २८ झकास चालला. नवाला त्याच टायरवर गाडी आधी चिकटली, मग अंग सोडल्यासारखी घसरली. हात लावला तर पृष्ठभाग लोण्यासारखा. ३६ घातला आणि गाडी रेषेत आली. पण ज्या ओळीवर गाडी सारखी फिरते तिथे रबर बसत जातं, पकड वाढत जाते, आणि मग नवंच दुखणं सुरू होतं. डाव्या वळणावर आतली दोन्ही चाकं उचलली आणि गाडी पाठीवर पडली. वेग फार म्हणून नव्हे, पकड फार म्हणून.

भाच्याला वाटत होतं, पकड म्हणजे जितकी जास्त तितकी बरी. त्याच्या वयाच्या सगळ्यांनाच वाटतं. खरं तर पुढच्या टायरची बाहेरची कड चावायची थांबली पाहिजे. त्या कडेवर फेविक्विकची पातळ रेघ ओढून वाळू दिली. तेवढा भाग कडक होतो, वळणावर टायर दुमडून डांबरात रुतत नाही. तळ एक मिलिमीटर खाली घेतला, थोडा खरवडला तरी चालेल म्हणून. गाडी उलटायची थांबली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा माझा नियम भाच्याला कंटाळवाणा वाटतो, आणि या दोन गोष्टी मीच एकदम केल्या म्हणून तो दुपारभर मला ऐकवत होता.

टायर उतरवून ओळीने मांडले. आतली कड जास्त झिजली असेल तर चाक वरून आत फार झुकलंय, बाहेरची झिजली असेल तर पुरेसं झुकलेलं नाही. मागचे आतून खाल्ले होते. हा कल, म्हणजे कॅम्बर, दोनवरून दीड अंशावर आणला. मागच्या चाकांची नाकं आत वळलेली, अडीच अंश, ती तशीच ठेवली. सरळ रेषेत गाडी शांत पळते ती त्याच्यामुळे.

२ जून, रविवार

अकोल्याला जाणं झालं, मूर्तिजापूरवरून. हा तोच राष्ट्रीय महामार्ग ५३. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान एका पदरी ७५ किलोमीटर डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता. गाडी चालवताना मी थराच्या पोताकडेच पाहत होतो, बायको कंटाळली.

डांबरालाही टायरसारखेच नंबर असतात. भारतीय मानक आयएस ७३ मध्ये व्हीजी-१०, २०, ३०, ४० असे दर्जे आहेत. हवेचं कमाल तापमान ३८ ते ४५ अंशांच्या दरम्यान असेल तिथे ३०, त्याच्या वर ४०. म्हणजे रस्ता बांधणारा इंजिनिअर आधी थर्मामीटर पाहतो, मग डांबर निवडतो. रिमोटची गाडी पळवणारे मात्र आधी पाना उचलतात. वऱ्हाडात ३० आणि ४० यांची सीमारेषा मे महिन्याच्या अगदी मधून जाते.

९ जून, रविवार

ढग. नवाला डांबर जेमतेम ३८. ३६ वर गाडी नाक सरळ ठेवून बाहेर जात होती, वळायलाच तयार नाही. ३२ घातला, वळली.

शॉकअपमध्ये ४०० नंबरचं सिलिकॉन तेल आहे. हे तेल इतर तेलांइतकं पातळ होत नाही, पण मेच्या उन्हात होतंच, तेव्हा गाडी खडीवर उड्या मारत होती. आज तीच मोजूनमापून बसतेय. भाचा म्हणतो, "मामा, आता ढग आले, तर ३५० टाकू." मी म्हणतो, आधी डिफरन्शियल उघडू, पुढच्यात तेल गळतंय. त्यावर वाद झाला. चौकीदार भाऊंनी निकाल दिला: मालक जुलैत लग्नं घेणार, पार्किंग तेव्हा मिळणार नाही, काय करायचं ते या महिन्यात करून घ्या.

डिफ उघडला. रबरी कडी फाटली आहे, मुंबईहून मागवावी लागेल.