पॉइंट-ए-पिएरची भट्टी

त्रिनिदादच्या पॉइंट-ए-पिएर तेलशुद्धीकरण कारखान्याबद्दल आज पुन्हा वाचत बसलो. २०१८च्या ऑगस्टमध्ये कीथ रोली यांच्या सरकारने तो बंद करायचे जाहीर केले आणि वर्ष सरायच्या आत बंद केलाही. १९१७पासून चाललेला कारखाना! मला ते तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही.

तोटा होता, डोक्यावर कर्ज होते, देशातले कच्चे तेल पुरत नसल्याने बाहेरून आणावे लागे. सगळे खरे. पण कारभार बिघडला तर कारभार बदलायचा, की कारखान्यालाच टाळे ठोकायचे? १९३७ साली कामगारनेते बटलर यांच्यामागे तेलकामगार उभे राहिले ते त्रिनिदादच्या याच दक्षिण भागात. त्या उठावातून जन्मलेली कामगार संघटना बंदीविरुद्ध लढली, पुढे कारखाना विकत घ्यायलाही सरसावली. व्यवहार मात्र फिसकटला.

शुद्धीकरण कारखाना म्हणजे हवा तेव्हा मालवावा, हवा तेव्हा लावावा असा दिवा नव्हे. भट्टी थंडावली की नळ्या गंजू लागतात. नुसत्या आवाजावरून पंपाचे दुखणे ओळखणारा फिटर पोटासाठी दुसरीकडे जातो. तो परत कुठून आणणार?

  

१९८५मध्ये टेक्साको या तेल कंपनीकडून देशाने घेतलेली ही मालमत्ता. तेल पिकवणारा हा देश आता पेट्रोल बाहेरून आणतो. हवा तर भागीदार घ्या, पण भट्टी पुन्हा पेटवा.