ओसरी, माजघर आणि गोठा

आमच्या साडेसातशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये माणसं चार आणि वायफाय तीन. पहिल्याचं नाव 'घर', दुसऱ्याचं 'पाहुणे' आणि तिसऱ्याचं 'गोठा'. गोठ्यात टीव्ही, दारावरचा कॅमेरा, दोन दिवे आणि हाक मारली की उत्तर देणारा तो डबा अशी जनावरं बांधलेली आहेत. नाव मुलानं ठेवलं. त्यानं खरा गोठा एकदाच पाहिलाय, तोही कृषी पर्यटनाच्या सहलीत तिकीट काढून.

आम्ही वाढलो ते एका तारेवर. अख्ख्या आळीत फोन एक, आणि तो आमचा नव्हे. आमच्या वडिलांच्या कार्डावर नंबरापुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं असत, म्हणजे फोन शेजारच्या काकांचा आणि धावपळ आमची. गॅलरीतून हाक यायची, "तुमचा फोन आलाय!" की असेल त्या अवतारात पळायचं. काकांच्या बैठकीत उभं राहून, काका-काकू ऐकत नसल्याचं नाटक करत असताना, सगळं मोघम बोलायचं. कुणाला नोकरीचं बोलावणं आलं आणि कुणाचं सासरी बिनसलं, हे फोन घेणाऱ्याच्या आधी आळीला ठाऊक असायचं. आज त्याला आपण आपुलकी म्हणतो. तेव्हा मात्र काकूंच्या चेहऱ्याकडे न बघता "हो, कळवतो" एवढंच म्हणून फोन ठेवावा लागे. नंबर लावून वर्षं गेली, जादा पैसे भरून 'ओवायटी' योजनेतून लवकर फोन घेणाऱ्यांचा हेवा करून झाला, आणि घरी फोन आला तेव्हा वडिलांनी पहिल्या आठवड्यात त्याच्या डायलला चिमुकलं कुलूप घातलं. दुसऱ्या आठवड्यात आम्ही रिसीव्हरखालचं बटण टकटक दाबून नंबर फिरवायला शिकलो. पाच आकडा हवा तर पाच टिचक्या. आमच्या घरावरचा पहिला सायबर हल्ला तो, आणि केला घरच्यांनीच.

आता मुलाच्या फोनला कुलूप त्याच्या चेहऱ्याचं असतं. तो घरात बसून कुणाशी काय बोलतो हे आळीला सोडा, मला कळत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. आमच्या घरी ते यायला आणखी काही वर्षं लागली. मोडेम आधी दोन-चार शिट्ट्या मारायचा, मग खरखरायचा, मग घसा साफ केल्यासारखा आवाज करून गप्प व्हायचा. तो गप्प झाला की आम्ही श्वास सोडायचो, "लागलं!" डब्यावर लिहिलेला वेग ५६ केबीपीएस, पदरात पडे तो त्याहून कमी. फोटो वरून खाली उतरत यायचा. आधी कपाळ, मग भुवया. डोळे दिसायच्या बेतात आतल्या खोलीत आई मावशीला फोन करायला रिसीव्हर उचलायची आणि सगळं मुसळ केरात. "फोन ठेव, नेट लावलंय!" ही आरोळी त्या काळात घरोघर होती. वैताग होता, अगदी मनापासून होता. पण घरात कोण नेटवर आहे, किती वेळ आहे आणि कुणामुळे तुटलं, हे सर्वांना एकाच क्षणी कळायचं.

आता नेट 'लावत' नाही, ते असतंच. कुणीच कुणाचं तोडत नाही, त्यामुळे कुणी कुणावर ओरडतही नाही. आई ऐंशी पार आहे. परवा तिला पणतीच्या बारशाचे फोटो मोठ्या टीव्हीवर बघायचे होते. तिचा फोन 'घर'मध्ये, टीव्ही 'गोठ्या'त; दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर आणि ओळख नाही. "अरे, इथंच तर आहे की तो," ती टीव्हीकडे बोट दाखवत म्हणत राहिली. तिचं बरोबर होतं. शेवटी मुलगा ऑफिसातून आल्यावर त्यानं फोटो दाखवले, तोवर तिची झोपायची वेळ झाली होती.

मधला एक काळ मात्र खरोखर मोकळा होता. वायफाय नवं आलं तेव्हा इमारतीत निम्म्यांच्या वायफायला पासवर्ड नसे. खालच्या मजल्यावरच्यांचं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उत्तम येई. आम्ही ते वापरत असू आणि दिवाळीला त्यांना फराळाचं ताट जरा जास्त भरून देत असू. मग २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या उघड्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. कुणाच्या तरी दाराची कडी लावलेली नव्हती आणि कुणीतरी आत शिरून गेलं होतं. पुढे मुंबईत पोलीस उघडी वायफाय हुडकत फिरणार अशा बातम्या आल्या. एका आठवड्यात आमच्या खिडकीतल्या सगळ्या नावांपुढे कुलपं दिसू लागली. फराळाचं ताटही पुढच्या वर्षी मापात आलं, हे कबूल केलेलं बरं.

आता कुलपावर भागत नाही, भिंती घालाव्या लागतात. मुलगा सांगत होता, २०१६ साली मिराई नावाच्या एका व्हायरसनं लोकांच्या घरातले कॅमेरे आणि राउटर फितवले. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेला नव्हता, एवढंच भांडवल. त्या फितूर कॅमेऱ्यांच्या फौजेनं २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइटी काही तास आडव्या केल्या. तेव्हा दिव्याला आणि बँकेच्या कागदपत्रांना एका खोलीत झोपवायचं नाही.

पहिला प्रयत्न मी केला. माळ्यावरचा जुना राउटर काढला, कंपनीच्या राउटरच्या मागे जोडला आणि दिवे-कॅमेरे त्या मागच्यावर टाकले. विचार सरळ होता, बेभरवशाच्या वस्तू मागे, परसात. मुलगा हसला. म्हणाला, "बाबा, उलटं केलंत. मागच्याला पुढचं दिसतं, पुढच्याला मागचं दिसत नाही." म्हणजे परका पुढे ठेवायचा आणि घर मागे.

हे ऐकल्याबरोबर मला वाईचा आमचा वाडा दिसला. बाहेरचा माणूस ओसरीपर्यंत. माजघरातल्या बायकांना दाराच्या फटीतून ओसरीवर कोण आलंय ते नीट दिसायचं, ओसरीवरच्याला माजघरातलं काही दिसत नसे. मुलगा इंजिनिअर होऊन जे शिकला, ते आमच्या पणजोबांच्या गवंड्याला येत होतं! पत्त्याची गंमतही तीच. १९२.१६८.१.१ हा आकडा जगातल्या लाखो घरांत तोच असतो, जसं 'मारुतीच्या देवळामागे' हा पत्ता कुठल्याही गावात चालतो आणि गावाबाहेर कुणाच्या उपयोगाचा नसतो.

वाड्याच्या आठवणीत रमताना मी नेहमी ओसरीवरच थांबतो. गूळ-पाणी, पानाचं तबक, दोन अनोळखी पाहुण्यांची तिथल्या तिथे निघालेली सोयरीक. नव्या 'पाहुणे' वायफायवर दोन पाहुण्यांची यंत्रं एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत, तशी सोय मुद्दाम करून ठेवलेली असते; आणि पाणी पिऊन होण्याआधी "पासवर्ड काय?" म्हणून पाहुणा फ्रिजवर चिकटवलेल्या चौकोनाकडे फोन धरतो. हे लिहायला सोपं आहे. पण ओसरीच्याही अलीकडे, चौकाच्या कोपऱ्यात थांबणारी माणसं होती. त्यांना पाणी वरून ओतलं जाई. खिडकीत एक कान तुटलेला कप पालथा असे, तो कुणाचा हे विचारायचं नसे. महिन्याचे चार दिवस माजघरातलीच बाई बाहेर बसे. भिंती तेव्हाही होत्या, आणि त्या दिव्या-कॅमेऱ्यांसाठी नव्हत्या.

अकरा वर्षं आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी गेल्या महिन्यात विचारलं, "दादा, माझ्या फोनला तुमचं नेट लावून देता का?" किल्ली कुठं असते, आईची गोळी कुठली कधी द्यायची, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मुलानं त्यांना 'पाहुणे'वर घातलं. मला तो कप आठवला. मी चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, मावशींवर माझा पूर्ण विश्वास आहे. त्यांच्या फोनवर नाही. जुना आहे, त्याला अपडेट येणं बंद झालंय." मी काही बोललो नाही. आजीही म्हणायची, माणूस लाख चांगला आहे हो, पण रीत म्हणून.

"मग माझा फोन?" मी विचारलं. त्यानं हातात घेतला, कुठंतरी आत जाऊन तारीख बघितली आणि जरा ओशाळून माझ्याकडे पाहिलं. माझा फोन मावशींच्या फोनापेक्षा दोन वर्षांनी जुना निघाला.

आता मीही 'पाहुणे'वर आहे. तिथून प्रिंटर दिसत नाही. काही छापायचं असलं की आत हाक मारावी लागते, आणि कुणी मोकळं असेल तर येतं. वाड्यात म्हाताऱ्या आजोबांची बाजही ओसरीवरच असायची.