मेंदू हातात घेतला की...

शाळकरी मुलाला विचारा, हृदयाला कप्पे किती? ‘चार!’ उत्तर तयार असते. पण ‘तुझे जठर कुठे आहे ते दाखव’ म्हटले, की बोट बहुधा बेंबीवर जाते. खरे तर जठर असते बेंबीच्या बरेच वर, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला. पाठ केलेले शरीर आणि स्वतःचे शरीर यांची अशी ओळखच होत नाही. मग मूल ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगते आणि आईने काय समजायचे?

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत मात्र ही ओळख हाताने करून दिली जाते. तिथे डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने मानवी मेंदूंचे संग्रहालय उभे राहिले आहे. पक्षाघात, गाठी, मार यांनी बिघडलेले मेंदू तिथे पाहता येतात आणि खरा मेंदू चक्क हातात घेता येतो. मृताच्या नातेवाइकांनी दुःखाच्या घडीला संमती दिली, म्हणून असे मेंदू अभ्यासाला मिळतात. तेव्हा तो आदराने हाताळायचा, हा पहिला धडा.

मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १.३ ते १.४ किलो. रसायनात ठेवल्यामुळे तो घट्ट लागतो. जिवंतपणी तो कितीतरी मऊ असतो. एवढे कळले, की हेल्मेट कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही. न धुतलेल्या भाजीतून फीतकृमीची अंडी पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात, हे कळल्यावर कोथिंबीर धुण्याचा आईचा आग्रहही पटतो.

‘पण एवढ्याशा मुलांना हे कशाला?’ असे वाटत असेल, तर घरीच सुरुवात करावी. १८१६ मध्ये पॅरिसच्या डॉ. लेनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. तशीच सुरळी करून मुलांना आजोबांच्या छातीचे ठोके ऐकू द्यावेत. मनगटावरची नाडी आधी बसून, मग दोरीच्या उड्या मारून मोजायला लावावी. हृदय कामाला कसे जुंपते, ते त्यांचे त्यांनाच कळेल.

आणखी एक प्रयोग वर्गात जरूर करावा. नाक धरून, शीतपेयाच्या बारीक नळीतून पंधरा-वीस सेकंद श्वास घ्यायचा. त्रास वाटताच थांबायचे. दमा असलेल्या मुलाला मात्र हा प्रयोग देऊ नये. तो त्याचा त्रास रोजच जाणतो. दम्यात श्वासनलिका अशाच आक्रसतात. हे एकदा अनुभवले, की धावताना मध्येच खाली बसणाऱ्या मित्राला ‘नाटकं करतोस’ म्हणण्याआधी मुले थबकतील. कदाचित त्याचे दप्तरही उचलतील.