डिपर गेलेली गाडी

माझ्या गाडीच्या हेडलाइटमध्ये दोष आहे आणि कंपनी तो मोफत दुरुस्त करून देणार आहे, हे सांगणारा मेसेज माझ्या फोनमध्ये पावसाळ्याच्या आधीपासून पडून होता. गाडी सेकंडहँड घेतलेली. कंपनीच्या नोंदीत मोबाइल नंबर पहिल्या मालकांचाच होता, त्यामुळे मेसेज त्यांना गेला. ते डोंबिवलीचे एक निवृत्त काका. त्यांनी आठवणीने तो मला पाठवला आणि खाली ‘महत्त्वाचं आहे, बघून घ्या’ असंही लिहिलं. मी नमस्काराचं चित्र पाठवून मोकळा झालो. इंग्रजीतला मेसेज, त्यात ‘फ्री’ हा शब्द. पावसाळी चेकअप कॅम्पच्या जाहिराती येतात, तसलंच काही असेल असं धरून चाललो आणि तो शेवटपर्यंत वाचलाच नाही.

त्याआधीची एक चूक सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी करंजाडे वसाहतीत राहतो आणि उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कामाला आहे. दुसरी पाळी सुटल्यावर परतीचा रस्ता म्हणजे ट्रेलरच ट्रेलर. कितीतरी कडेला उभे, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. गाडीचा उजेड कमी पडतो असं मला सारखं वाटायचं. म्हणून पनवेलला एका दुकानात जास्त वॅटचे बल्ब बसवून घेतले. दुकानदाराने काही गळ घातली नव्हती, मागणी माझीच होती.

माझ्या गाडीत एच-4 जातीचा बल्ब आहे. एकाच काचेत दोन तारा असतात, एक अप्परची, 60 वॅटची आणि दुसरी डिपरची, 55 वॅटची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटीशी वाटी असते. वर जाणारा उजेड ती अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत तिरीप जात नाही. मी बसवलेला बल्ब 100/90 वॅटचा होता. मूळच्या डिपरला 12 व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर करंट लागतो, या बल्बला साडेसात. तार तीच, होल्डर तोच, कनेक्टर तोच. हा हिशेब शाळेत शिकलेला आहे. यार्डात रीफर कंटेनरचे प्लग बघतानाही तो रोज डोक्यात असतो. स्वतःच्या गाडीसाठी तो मांडावासा मला वाटला नाही.

काही आठवड्यांनी डिपर लुकलुकायला लागला. खड्ड्यात गाडी आदळली की जायचा, पुन्हा यायचा. मी बल्ब बदलला. पुन्हा तेच. मग एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने बॉनेट उघडून कनेक्टर ओढून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. पांढरं प्लॅस्टिक एका बाजूने तपकिरी झालेलं, कडेला वितळून गोळा झालेलं, आतली पितळी पत्ती काळी पडलेली. तो म्हणाला, “दादा, हा बल्बचा प्रॉब्लेम नाही. कंपनीत दाखवा.” मला घाई होती. मी त्याला म्हटलं, “आता तात्पुरतं जोडून दे, गणपती झाले की बघू.” त्याने नाखुशीनेच वायर पिळून टेप मारून दिली.

त्या वर्षी मूर्ती आणायला आम्ही पेणच्या बाजूला गेलो होतो. हमरापूर आणि जोहे या गावांत घराघरांत मूर्तींचे कारखाने आहेत आणि आमचं मखर ठरलं की मूर्ती तिकडूनच येते. निघायला रात्र झाली, पाऊस सुरू होता. मागच्या सीटवर बायको मूर्तीला हाताने धरून बसलेली. जोह्याहून हमरापूर फाट्याकडे येणारा रस्ता अरुंद, दोन्हीकडे भातखाचरं. तिथे डिपर गेला तो परत आलाच नाही. मी गाडी थांबवली नाही. अप्पर लावला आणि चालवत राहिलो.

समोरून एक मोटरसायकल आली. नवरा-बायको होते, मांडीवर पिशव्या. त्याने दोनदा दिवा मारला. मी काय करणार, डिपर नव्हताच. अप्पर बंद केला तर मलाच काही दिसलं नसतं. तो डांबरावरून कडेच्या चिखलात उतरला आणि गाडीसकट आडवा झाला. नशिबाने वेग फार नव्हता. त्या बाईंचा गुडघा सोलवटला, त्याचा हात मुरगळला, पिशवीतलं सामान पाण्यात सांडलं. मी धावत गेलो. तो चिडलाही नाही. एवढंच म्हणाला, “समोरचं काहीच दिसलं नाही हो.” मी म्हटलं, “डिपर गेलाय माझा.” त्यावर त्याने विचारलं, “मग थांबायचं ना?”

मी त्यांना पेणला दवाखान्यात नेलं, मलमपट्टीचे पैसे दिले. आणि त्यानंतर, एवढं होऊनही, तीच गाडी अप्परवर चालवत खारपाड्याच्या पुलावरून, कर्नाळ्याच्या जंगलातून पळस्प्यापर्यंत आणि तिथून घरी आणली. मूर्ती उद्या बसवायची होती, हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं. आज वाटत नाही. भाऊ पनवेलमध्येच राहतो. एक फोन केला असता तर तो दुसरी गाडी घेऊन आला असता. दिवा मी कायम मला दिसावं म्हणून लावत होतो. त्याच दिव्याने समोरचा माणूस आंधळा होऊ शकतो, हा विचार तोवर माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

काकांचा फोन गणपतीच्या शुभेच्छा द्यायला आला. बोलता बोलता त्यांनी विचारलं, “अहो, ते हेडलाइटचं काम करून घेतलंत ना?” तेव्हा मी तो मेसेज उघडून नीट वाचला. हेडलाइटच्या वायरिंगमधला एक जोड गरम होऊन सैल पडू शकतो, डिपर बंद पडू शकतो, गाडी वर्कशॉपमध्ये आणा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

वर्कशॉपमध्ये चासी नंबर घातल्याबरोबर गाडीचं नाव रिकॉलमध्ये, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांमध्ये, निघालं. जोड आणि वायरिंगचा तुकडा मोफत बदलून मिळाला. जळालेला होल्डर आणि स्विच मात्र माझ्या खर्चाने, आणि ते योग्यच होतं. दोष मुळातला किती आणि माझ्या बल्बचा किती, हे आता कुणालाच वेगळं काढता येणार नाही. वाढीव वॅटचा बल्ब लावून माझ्या तक्रारीचा पाया मीच काढून घेतला होता.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. आपल्याकडे 2012 मध्ये वाहन कंपन्यांनी स्वतःहून गाड्या परत बोलावण्याची पद्धत मान्य केली. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून सरकार दोषी गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. कंपनीने स्वतःहून गाड्या बोलावल्या नाहीत आणि सरकारला आदेश द्यावा लागला, तर 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड आहे. हेडलाइटसाठी झालेला रिकॉलही आपल्याकडे आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये मारुती सुझुकीने 40,453 ईको गाड्या तपासणीसाठी बोलावल्या, कारण काही हेडलाइटवर मानकाचं चिन्ह नसण्याची शक्यता होती. केवळ चिन्हासाठी एवढा खटाटोप कशाला, असं पूर्वी मी म्हटलं असतं. पण उजेड किती पडतो, कुठे पडतो आणि कुठे पडत नाही हे तपासलेलं आहे, याची ग्राहकाच्या हाती असलेली खूण तेवढीच असते. अमेरिकेत 2022 मध्ये जनरल मोटर्सला सुमारे 7 लाख 40 हजार जीएमसी टेरेन गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्या हेडलाइटचा उजेड काही भागात प्रमाणाबाहेर जास्त पडतो म्हणून. दोष किरकोळ आहे, रिकॉलमधून सूट द्या, अशी कंपनीची विनंती होती. तिथल्या सरकारने ती फेटाळली. मला तो निर्णय शंभर टक्के पटतो.

करंजाडे, कामोठे, उलवे या भागात माझ्यासारख्या सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना एक सांगायचं आहे. आरटीओत गाडी आपल्या नावावर झाली म्हणून कंपनीच्या नोंदीतला फोन नंबर आपोआप बदलतोच असं नाही. आरसीवरचा चासी नंबर घ्या, त्या कंपनीच्या वर्कशॉपला फोन करा, आपल्या गाडीवर एखादा रिकॉल बाकी आहे का विचारा आणि त्याच फोनवर आपला नंबर नोंदवून घ्या. याला पैसे पडत नाहीत. आणि डिपर लागत नसेल तर गाडी रात्री बाहेर काढू नका.