पट्टीवरचं नाव

दुनळी बंदुकीच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर लंडनचे कारागीर आपलं नाव आणि पत्ता कोरत. पर्डींच्या बंदुकीवर ‘३१४½, ऑक्सफर्ड स्ट्रीट’ असेल तर निदान नळ्या तरी १८२६ ते १८८२ या काळातल्या, हे तेवढ्यावरून कळतं. म्हणून मी या अक्षरांना नक्षी मानत नाही. ती घडवणाऱ्याची साक्ष आहे. बड्या शिकाऱ्यांसाठी बंदुकांची जोडी घडवली जाई. एक झाडली जाताना दुसरी मदतनीस भरत असे, आणि दोघींवर सोन्यात १ आणि २ जडवलेले असत. अशा जोडीला दोन सुट्या बंदुकांहून बराच जास्त भाव येतो. मग एकाच कारखान्याच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या दोन बंदुका शोधून त्यांवर आज आकडे जडवले तर? नाव खरं, क्रमांक खरा, तरी त्या दोघी जुळ्या म्हणून जन्मल्या हे धडधडीत खोटं.

बंदूक मालकाची, त्याने काहीही करावं, असं म्हणतात. खांद्याला बसेना म्हणून दस्ता कापला तर माझी हरकत नाही. ती त्याची सोय आहे. पण पट्टीवर बोलतो तो कारागीर, आणि तो आता उत्तर द्यायला हयात नाही. झिजलेली अक्षरं पुन्हा कोरण्याचा प्रश्न याहून अवघड. त्याच चरीतून छिन्नी फिरवली तर खोटं काय? शब्द खोटा नाही, हे मान्य. पण पुसट अक्षर हीसुद्धा माहिती असते: नळ्या किती वेळा घासून पुन्हा काळ्या केल्या, पोलाद किती पातळ झालं असेल, याची ती खूण. पातळ नळीवरचं ठसठशीत अक्षर ती खूण झाकतं, आणि इथे प्रश्न किमतीपुरता उरत नाही, झाडणाऱ्याच्या हाताचा होतो. गिऱ्हाइकाला आधीच सांगितलं, हा बचावही तोकडा. सांगणं एका सौद्यापुरतं टिकतं, बंदूक शंभर वर्षं.

यावरचा मार्ग याच धंद्यात आहे. झिजलेल्या नळ्या बुडाजवळ कापून त्यांत नव्या बसवल्या, तर ब्रिटनमध्ये बंदूक पुन्हा चाचणीला जाते आणि नळ्यांवर ‘स्लीव्ह्ड’ असा ठसा बसतो. भाव पडतो, पण पुढच्या प्रत्येक मालकाला खरं कळतं. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखखूण खोडायला, बदलायला मनाई करतं. त्याचा रोख गुन्ह्याच्या तपासावर असला, तरी त्यात क्रमांकाइतकंच नावही मोजलं आहे. नवं अक्षर कोरणाऱ्याने म्हणूनच आपली खूण आणि साल नळ्यांच्या बुडाखाली, चाचणीच्या ठशांशेजारी उमटवावं. बंदूक उघडून नळ्या सुट्या केल्या की पारखी पहिल्यांदा तिथेच बघतो.