बारकी तिसरी परत टाक

ओहोटी लागली की आमची आये पाटी घेऊन खाडीत उतरायची. तिसऱ्या काढायची, कालवं फोडायची. आम्ही पोरं मागोमाग. बारकी तिसरी हाती लागली की म्हणायची, "टाक परत चिखलात. फुडल्या साली आपल्यालाच लागंल."

शाळेचं तोंड न पाहिलेली ती माउली खाडी राखत होती. पण ना तिच्या नावे सात-बारा, ना होडी. कागदावर ती कुणीच नव्हती.

२०१७ साली राज्य शासनाने कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना आणली. गावच्या समितीने कांदळवन राखायचे, बचत गटांनी खेकडे, कालवे पाळायचे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या भगिनी स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवू लागल्या. कांदळवन तुटले की खेकडा-कोळंबीची पिल्ले वाढायची जागाच जाते. म्हणून खाडी राखणे आणि पोट भरणे हे एकच काम आहे.

मी कारकून माणूस. रजेवर गावी गेलो की बायकांचे अर्ज भरून देतो आणि सांगतो, नुसता अंगठा देऊ नका, समितीत बसा. जी चिखलात उतरते तिला वगळून खाडीचा निर्णय होता कामा नये.

माझ्या आयेला कुणी विचारले नाही. भगिनींनो, तुम्ही बोलावण्याची वाट पाहू नका.